वहीतलं शिवलेलं पान

राधाकिशन भाट घसा न खाकरता एकदम वरच्या पट्टीत वाचायला लागायचा. आधी वहीला हळद-कुंकू, मग स्वतःच्या कानाच्या पाळ्यांना हात, आणि मग थेट मूळपुरुषाचं नाव. घसा साफ करत बसणारा भाट कच्चा, असं त्याचा बाप म्हणायचा. त्याच्या लेखी नाव कसं विहिरीत दगड टाकल्यासारखं पडलं पाहिजे, सगळ्या अंगणानं दचकलं पाहिजे.

उमापुरात त्याचं दोन खोल्यांचं घर. गेवराई तालुक्यातल्या चाळीसेक घराण्यांच्या वंशावळी त्याच्या नऊ वह्यांत होत्या, आणि वह्या लाल फडक्यात. दर तीन-चार वर्षांनी एकेका घराण्याकडे फेरी व्हायची. भाट आला की अंगणात जाजम पडायचं, भाऊबंद गोळा व्हायचे, आणि वाचन सुरू व्हायचं. मेलेल्याचं नाव आलं की सगळे गप्प. जित्या माणसाचं नाव आलं की त्यानं बसल्या जागेवरून म्हणायचं, "हाय." तान्ह्या पोराच्या वतीनं त्याची आई म्हणायची. एखादा हौशी बाप्या दोनदा "हाय" म्हणाला, की राधाकिशन चष्मा नाकावर ओढून विचारायचा, "दोन जागी हाईस का बे?" आणि अंगण हसायचं. मग मागच्या फेरीनंतर जन्मलेले लिहायचे, गेलेल्यांपुढे खूण करायची, शिधा आणि धोतरजोडी घ्यायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची.

बापाबरोबर तो तट्टावर फिरला होता, पुढं सायकलवर, पुढं एसटीनं. त्याच्या मुलाला, जीवनला, हे काही नको होतं. तो संभाजीनगरला कारखान्यात लागला आणि दिवाळीला आला की वह्यांकडे बघून म्हणायचा, बाबा, एवढं सगळं एका मोबाईलात मावतं. राधाकिशन म्हणायचा, मावत असंल. पण मोबाईलला लाज न्हाई.

लाज म्हणजे काय, ते बापानं त्याला पोरवयातच सांगितलं होतं. भाटानं वहीतलं नाव खोडायचं नाही आणि पान फाडायचं नाही. राजा म्हणाला तरी नाही.

राधाकिशननं खोडलं नव्हतं. फाडलंही नव्हतं. आठ वर्षं तो स्वतःला हेच सांगत होता.

त्याच्या फेऱ्यांतली मोठी फेरी म्हणजे पिंपळवाडीचे देशमुख. निजामाच्या अमदानीत बद्रीनाथराव देशमुखाच्या शब्दाला बारा गावांत वजन होतं. राज्य गेलं, हैदराबाद गेलं, पण देशमुखांचं वजन गेलं नाही. त्यानं नुसते कपडे बदलले. बद्रीनाथरावांचा मुलगा तात्याबा आधी पंचायत समितीत, मग जिल्हा परिषदेत गेला. तात्याबांचा मुलगा अमरसिंह त्याच खुर्चीच्या वाटेवर. बीडच्या कचेरीत देशमुखांचा माणूस नाही असा मजला नव्हता.

पण बद्रीनाथरावांना मुलगे दोन होते. थोरला रामकिसन. त्याचं मन छबुबाई नावाच्या मेंढपाळाच्या पोरीवर बसलं. घरानं नको म्हटलं, तर तो अंगावरच्या कपड्यानिशी तिच्या मेंढवाड्यावर गेला आणि मेंढरं राखायला लागला. देशमुखांनी त्याला पंगतीतून उठवलं. जमिनीतून तर तो स्वतःच उठला होता. पुढं बद्रीनाथराव अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी राधाकिशनच्या बापाला बोलावून घेतलं आणि भाऊबंदांच्या देखत सांगितलं, रामकिसनची शाखा लिही. पोरगा पंगतीत नसंल, पर वहीत हाय.

तेव्हापासून देशमुखांच्या वाचनाला चकलांब्याकडून आधी रामकिसन, आणि तो गेल्यावर त्याचा मुलगा बंकट यायचा. जाजमावर नाही, अंगणाच्या कडेला, स्वतःची घोंगडी टाकून. नाव आलं की "हाय" म्हणायचा. चहा घ्यायचा, न घ्यायचा, आणि निघून जायचा. एवढंच त्याचं देशमुखपण. तीन वर्षांतून एकदा, एका अक्षराएवढं.

आठ वर्षांपूर्वी अमरसिंह पहिल्यांदा जिल्हा परिषदेला उभा राहणार होता. तात्याबांनी वाचन थाटात ठेवलं. मंडप टाकला, परजिल्ह्यातले सोयरे आणि पक्षाची मोठी माणसं बोलावली. आदल्या दिवशी राधाकिशनला आतल्या खोलीत बसवून त्यांनी पानाचा विडा दिला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, "उद्या थोरल्याची शाखा वाचू नको. खोडू नको, फाडू नको. मी धर्म सोड म्हणत न्हाई तुला. नुसतं तेवढं ओलांडून म्होरं जा."

राधाकिशन "जी मालक" म्हणाला. घरी आल्यावर त्याला भीती वाटली ती स्वतःच्या जिभेची. पन्नास वर्षांची सवय. एक नाव दुसऱ्याला ओढून आणतं. बद्रीनाथरावांच्या मागं रामकिसनचं नाव असं यायचं, जसं बैलामागं बैलगाडी. उद्या भर मंडपात तोंडातून निघालं तर? म्हणून त्यानं बायकोकडून सुई-दोरा घेतला, आणि रामकिसनची शाखा ज्या दोन पानांच्या पोटात होती त्या पानांच्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. सात टाके. खोडलं नाही, फाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचन रंगलं. बद्रीनाथरावांवरून तो थेट तात्याबांवर आला. तात्याबा करारी आवाजात "हाय" म्हणाले आणि मंडपानं टाळ्या वाजवल्या. अंगणाच्या कडेला बंकट बसला होता. नवं धोतर, नवं मुंडासं. नातू झाला होता, त्याचं नाव लिहून घ्यायला आला होता. नाव येईल म्हणून त्यानं तोंड थोडं उघडलं होतं. ते तसंच राहिलं. वाचन अमरसिंहवर आलं, त्याच्या मुलीवर, संस्कृतीवर आलं, संपलं. बंकट उठला, घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि गेला.  काही बोलला असता तर राधाकिशनला बरं वाटलं असतं.

पुढच्या वाचनाला बंकट आला नाही. त्या दिवशी राधाकिशनला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच पुढं वर्षानुवर्षं टोचणी लागून राहिली. तात्याबा वारले. टाके काढायचे तर आता कुणाची आडकाठी नव्हती. तरी त्यानं काढले नाहीत. काढले असते तर कुणीतरी विचारलं असतं, घातले कुणी?

यंदा भाद्रपद लागता लागता संस्कृती उमापूरला त्याच्या दारात उतरली. पुण्यात शिकून आलेली, सत्तावीस वर्षांची, बोलायला मोकळी. देशमुख घराण्याचा ग्रंथ करायचा होता. बद्रीनाथरावांपासून आजपर्यंत, फोटोंसकट. पितृपाठ सरला की बीडच्या छापखान्यात जाणार, आणि दसऱ्याला मोठ्या कार्यक्रमात निघणार. तिनं खाली फरशीवर बसून वहीच्या एकेका पानाचा फोटो काढायला सुरुवात केली. भिवराबाई दारात वाकळ शिवत बसली होती.

"काका, हे पान जाड का लागतंय?" संस्कृतीनं विचारलं. मग बोट फिरवून म्हणाली, "हे तर शिवलंय."

"पान सुटं झालं होतं, ताई," राधाकिशन म्हणाला. "हारपंल म्हणून टाके घातले."

तिनं लगेच विश्वास ठेवला. उलट तिला कौतुकच वाटलं. म्हणाली, किती जपलंत काका, आमच्या घरात तर आजोबांची साधी पत्रंसुद्धा कुणी ठेवली नाहीत. मग तिनं ग्रंथाच्या पहिल्या पानावर जाणारं वाक्य मोबाईलमधून वाचून दाखवलं: आमच्या घराण्याचा इतिहास उभा आहे तो राधाकिशन भाट यांच्या वहीवर, जिच्यातून आजवर एकही नाव गळलेलं नाही. खाली त्याचा फोटो जाणार होता. तिनं त्याला टोपी नीट करायला लावली, दोन फोटो काढले, आणि काकूंना नमस्कार करून ती गेली.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत भिवराबाई टाके घालत राहिली.

"मला बी आठ वर्षांमागं असंच सांगितलं होतं तुमी," ती म्हणाली. "सुटं पान हाय म्हणून. दोरा मीच ववून दिलता."

"मग?"

"मग काय. सुटं पान पाठीकडून शिवत्यात. बाहीरच्या कडंनं न्हाई शिवत कुणी. एवढं कळतंय मला, जलम गेला वाकळा शिवण्यात."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानं विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, वाट बगत होते, तुमी कवा बोलताय ते. आणि पुढं म्हणाली की त्या पोरीनं तुमचा फोटो काढला तेव्हा मला तुमच्याकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं देशमुखांची वही लाल फडक्यात बांधून काखेत मारली आणि चकलांब्याची एसटी धरली. बेत त्यानं रस्त्यात पक्का केला. बंकटाकडे जायचं, नातवाचं नाव आणि मधल्या काळातल्या सगळ्यांची नावं लिहून घ्यायची, टाके गुपचूप काढायचे आणि संस्कृतीला सांगायचं, पान सुटलं बघा, घ्या फोटो. कुणाला काही कळायचं कारण नाही. एसटीत बसून हा बेत फार बरा वाटत होता.

बंकटची वस्ती गावाबाहेर, माळाच्या उताराला. मेंढरांभोवतीच्या वाघराच्या जाळीलगत बंकट लोकरीचं सूत कातत बसला होता. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, पण हात थांबत नव्हता. राधाकिशन मनात शिव्या खायची तयारी करून आला होता. कुत्रं अंगावर सोडलं तर काय, तेही त्यानं ठरवलं होतं. पण बंकट उठला, घोंगडी अंथरली, "या भाटबुवा" म्हणाला, आणि बायकोला, साखराबाईला, चहा टाकायला सांगितलं. पाऊसपाण्याचं झालं, मेंढरांच्या रोगाचं झालं.

"का म्हून आलात?" मग बंकटनं विचारलं.

"नावं लिव्हायला. तुमच्या नातवाचं राहिलंय. आन् मागनं कोण झालं, कोण गेलं, ते समदं."

बंकट हसला. त्या हसण्यात राग नव्हता, नुसती ओशाळगत होती. "आमची कुठं लिव्हता, भाटबुवा. आमी न्हाईत तुमच्या वहीत. मी माझ्या कानानं आयकलं की."

राधाकिशननं फडक्याची गाठ चाचपली.

"तुमाला राग आला आसंल तवा," बंकट म्हणाला. "इतकी सालं आमी उगाच येऊन बसत हुतो, दुसऱ्याच्या अंगणात. पर आमाला आबानं सांगितलं हुतं. आबा म्हणायचा, मी तुला रान दिलं न्हाई, वाडा दिला न्हाई, पर वहीत नाव दिलंय. मरताना बी तेच म्हणला. मला वाटलं, खरं आसंल."

"आन् त्याच्या आदीच्या येळी वाचलं होतं ना तुमचं नाव?"

"वाचलं हुतं. म्हणूनच तर. मी वाटभर इचार केला. म्हणलं, आबानं तुमच्या बापाला गळ घातली आसंल, मेंढरू-बिंढरू देऊन लिव्हून घेतलं आसंल खोटं. मागनं ते उघडं पडलं, म्हणून वहीनं काडून टाकलं. भाटाची वही काय लबाड बोलती व्हय?"

साखराबाई चहा घेऊन आली होती. ती उभ्यानंच म्हणाली, "त्या सालापास्नं ह्यांनी मामंजींचं पितर घातलं न्हाई. आठ सालं. मी म्हणलं, कसा बी आसला तरी बाप हाय, दोन घास ठिवा. तर म्हणत्यात, लबाडाला कशाला जेवू घालू. वस्तीवरच्या समद्यांना बी तेच सांगितलंय."

राधाकिशनच्या हातात कपबशी होती. ती खाली ठेवायला त्याला जागा सापडेना, आणि समोर सगळा माळ मोकळा पडला होता. त्याला वाटलं होतं बंकट देशमुखांवर चिडला असेल, आपल्यावर चिडला असेल. दोन्हींवर त्याच्याजवळ काही ना काही उत्तर होतं. पण या माणसानं वहीवर इतका भरवसा ठेवला होता की वही आणि बाप यांत त्यानं बापाला खोटं ठरवलं. आणि तो मेलेला माणूस आठ भाद्रपद उपाशी राहिला, एका सुईदोऱ्यापायी.

अजूनही सुटका होती. चुकून राहिलं म्हणता आलं असतं. पान चिकटलं होतं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

त्यानं साखराबाईकडे लोकर कातरायची कातर मागितली. फडकं सोडलं, वही मांडीवर घेतली आणि एकेक टाका कापला. पानं उघडली. आत शाई अजून काळीभोर होती, उजेडच लागला नव्हता तिला.

"हे बगा," तो म्हणाला. "रामकिसन. थोरला. खाली तुमी. ह्याच्यात लबाडी न्हाई. बद्रीनाथरावांनी भाऊबंदांदेखत लिव्हून घेतलंय, माझ्या बापाच्या हातचं अक्षर हाय. तुमच्या आबानं कुणाला मेंढरू दिलं न्हाई. हे पान मी शिवलं."

बंकटला वाचता येत नव्हतं. त्यानं पानाकडे पाहिलंच नाही, राधाकिशनकडे पाहिलं. "कुणाच्या सांगण्यावरनं?"

तात्याबा मेलेले. त्यांच्या माथी मारलं असतं तर ते काही उठून नाही म्हणणार नव्हते.

"मालक म्हणले, वाचू नको," राधाकिशन म्हणाला. "शिव असं न्हाई म्हणले. ते माझं मी केलं."

 मग बंकट म्हणाला, "वाच. आबाचं."

राधाकिशननं वाचलं. पुढं सरकणार तोच बंकटनं हात वर केला. "म्होरं जाऊ नको. त्येच परत." त्यानं तीनदा वाचून घेतलं, आणि तिसऱ्यांदा झाल्यावर तो दोन्ही हातांत तोंड धरून बसला. साखराबाई त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, हात लावला नाही.

"अष्टमीला तिथ हाय त्याची," बंकट शेवटी म्हणाला. "इथल्या चार लोकांम्होरं मी बापाला लबाड म्हणलो. आता त्यांच्याम्होरंच तू येऊन सांग, कोण लबाड ते."

इतका वेळ तो अहो-जाहो करत होता. ते संपलं होतं.

परतीच्या वाटेवर राधाकिशन पिंपळवाडीला उतरला. अमरसिंहनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधी बापाच्या बैठकीत, मग स्वतःच्या, पंचवीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकलेला माणूस, चेहरा हलू देत नव्हता. तो म्हणाला, काका, तुमच्या मनात काही राहू नये हे बरं झालं, पण ग्रंथात काय छापायचं ते घर ठरवील. संस्कृती त्या पानावर उघडलेली वही घेऊन खिडकीशी उभी होती. तिनं इतकंच विचारलं, "मग ते तुमचं वाक्य, काका?"

"ते काडा, ताई. थोरल्याची शाखा छापायची का न्हाई ते तुमच्या हातात. पर माझ्या वहीतनं नाव गळलं न्हाई, हे छापू नका. फोटो बी नको."

अमरसिंह म्हणाला, पुढच्या वाचनाचं आम्ही कळवू. राधाकिशनला कळलं, हे कळवणं कधी यायचं नाही. त्याच्या बापापासूनचं यजमानाचं घर सुटलं. संस्कृतीनं बापाकडे न बघता त्या पानाचा फोटो काढला आणि वही परत दिली. त्या फोटोचं ती काय करणार, हे राधाकिशननं विचारलं नाही. तो हक्क आता त्याला उरला नव्हता.

अष्टमीला बंकटच्या वस्तीवर पंचवीस-तीस माणसं जमली होती. कढी, वडे, खीर, सगळं रांधून झालं होतं. पितर म्हणून रामकिसनच्या जागी बसवायला बंकटनं तानाजी नावाचा शेजारचा म्हातारा बोलावला होता, घराबाहेरचा, रामकिसनला पाहिलेला तेवढाच उरलेला. पानं वाढायच्या आधी बंकटनं राधाकिशनकडे नुसती मान हलवली.

आयुष्यभर शेकडो अंगणांत आवाज टाकलेला माणूस, पण त्या दिवशी मागच्या रांगेतल्यांना "मोठ्यानं सांगा" म्हणावं लागलं. त्यानं सांगितलं. रामकिसन खरं बोलत होता, बंकट खरा, मी पान शिवलं. सुईदोऱ्याचंही सांगितलं, आणि शिवायला कुणी सांगितलं नव्हतं हेही.

 एक बाई हळूच म्हणाली, आठ सालं म्हाताऱ्याचा जीव कुठं फिरला आसंल. आणि मग तानाजीनं, ज्याच्यासाठी मधला पाट मांडला होता त्यानं, विचारलं, "भाटबुवा, मग आनिक कुणाकुणाचं शिवलंय?"

"न्हाई. हे एकच."

"त्येच्यावर आमी इस्वास ठिवायचा?"



पंगत बसली. बंकट स्वतः वाढत होता. आधी बापाचं पान, मग बाकीची. शेवटी रांगेच्या टोकाला बसलेल्या राधाकिशनपाशी आला आणि दोन वडे जास्तच टाकले. "जेव," तो म्हणाला. "आबाच्या दारातनं कुणी उपाशी गेलेलं त्याला आवडायचं न्हाई. पर ह्याला माफी समजू नको."

राधाकिशन जेवला. पानात काही टाकलं नाही. हात धुऊन वळला तेव्हा तानाजीनं लाल फडकं सोडलं होतं आणि वही मांडीवर घेतली होती. तानाजीच्या घराचं नाव त्या वहीत नव्हतंच, आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. तरी तो पहिल्या पानापासून एकेका पानाची कड दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपत होता. आजवर भाटाच्या वहीला दुसऱ्या कुणाचा असा हात लागला नव्हता. बाकीची माणसं भोवती वाकून बघत होती. राधाकिशन जरा लांब उभा राहिला आणि म्हाताऱ्याची सगळी पानं होईपर्यंत थांबला.